१३५ गुणिले १२ : उत्तर एकच, मग वाटा इतक्या कशा?

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त गुणाकाराचं पहिलंच उदाहरण आहे : १३५ ला १२ ने गुणलं तर किती? उत्तर १६२०. पण आचार्य उत्तर सांगून थांबत नाहीत. तेच उत्तर काढायच्या एकामागून एक वाटा ते दाखवतात.

सरळ वाट म्हणजे १३५ मधल्या एकेका अंकाला बाराने गुणायचं आणि स्थानाप्रमाणे मांडून बेरीज करायची. दुसरी वाट, बाराचे दोन तुकडे करायचे, ८ आणि ४. १३५ × ८ = १०८०, १३५ × ४ = ५४०, मिळून १६२०. तिसरी, १२ ला ३ ने भाग जातो आणि ४ येतात, म्हणून आधी तिनाने गुणा (४०५) आणि आलेल्या उत्तराला चाराने (१६२०). चौथी, बारातला दशकाचा एक आणि एककाचे दोन वेगळे धरा : १३५० आणि २७०. पाचवी तर हुशार दुकानदाराची वाटावी अशी आहे. १२ मधून २ कमी करून दहानेच गुणा, १३५० येतील, मग राहिलेले दोन पट म्हणजे २७० मिळवा. किंवा उलट १२ मध्ये ८ घालून विसाने गुणा, २७०० येतील, आणि जास्तीचे आठ पट म्हणजे १०८० वजा करा.

प्रत्येक वेळी १६२०. कुठे बेरीज, कुठे वजाबाकी, कुठे गुणाकारावर गुणाकार, मधले आकडे तर एकमेकांशी अजिबात न जुळणारे, आणि तरीही सगळ्या वाटा एकाच जागी येतात. मुलाने विचारलं, "पण असं का होतं?", तर या प्रश्नाला खरं उत्तर आहे, आणि ते फक्त तीन नियमांत मावतं. क्रम, गट आणि वितरण. पाठ्यपुस्तकात त्यांची नावं जड आहेत : क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण. 'रिकाम्या जागा भरा'मध्ये ती येतात, दोन गुण मिळवून देतात आणि संपतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण शाळेत शिकवलेली आकडेमोडीची जवळजवळ प्रत्येक रीत, हातच्यापासून ते 'ऋण गुणिले ऋण धन'पर्यंत, याच तीन नियमांवर उभी आहे. रीत पाठ झाली आणि नियम कळला नाही, की गणित ही कुणीतरी वरून लादलेल्या हुकमांची यादी वाटायला लागते.

नावं तशी अलीकडची आहेत. क्रम आणि वितरण यांच्या नियमांना आज जगभर वापरली जाणारी नावं फ्रेंच गणिती सेर्व्हुआ याने १८१४ साली दिली. गटाच्या नियमाचं नाव आयर्लंडच्या हॅमिल्टनने १८४०च्या दशकात रूढ केलं. भास्कराचार्यांना या नावांची गरज पडली नव्हती, ते नियम थेट वापरत होते. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख सांगतो की त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता. म्हणजे आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थी बसून हे तुकडे पाडण्याचे धडे गिरवत असणार.

क्रम : पाच साती आणि सात पंचे

बेरजेचा क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही, हे मूल बोटांवर मोजतानाच शोधून काढतं. २ + ९ विचारलं की सुरुवातीला ते दोनापासून नऊ घरं पुढे जातं. कधीतरी त्याच्या लक्षात येतं की नवापासून दोनच घरं गेलं तरी भागतं. पुष्कळ मुलं हे कुणी न सांगता करायला लागतात.

गुणाकाराची गोष्ट इतकी उघड नाही, आणि ती उघड आहे असं धरून आपण पुढे जातो तिथेच गडबड होते. 'सात पंचे पस्तीस' म्हणजे सात पाच वेळा घेतले : ७ + ७ + ७ + ७ + ७. 'पाच साती पस्तीस' म्हणजे पाच सात वेळा घेतले : ५ + ५ + ५ + ५ + ५ + ५ + ५. या दोन ओळी शेजारी शेजारी लिहा आणि नीट बघा. एकीत पाच आकडे आहेत, दुसरीत सात. दोन्ही एकाच संख्येवर जाऊन थांबतील असं नुसतं बघून का वाटावं?

अंगणात रांगोळीचे ठिपके काढा. पाच ओळी, प्रत्येक ओळीत सात ठिपके. आता उठून शेजारच्या बाजूला जाऊन बसा. तिथून तेच ठिपके सात ओळींचे दिसतील, प्रत्येक ओळीत पाच. ठिपका एकही वाढला नाही, एकही पुसला नाही, बदलली ती बघणाऱ्याची जागा. पाच आणि सात यांच्या जागी कुठल्याही दोन मोजसंख्या घ्या, हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून हे नुसतं उदाहरण नाही, ही सिद्धता आहे. ग्रीसच्या युक्लिडलाही इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ही गोष्ट सिद्ध करून दाखवावीशी वाटली होती, ती त्याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या सातव्या भागातली सोळावी बाब आहे. त्याने ती गृहीत धरली नाही, यातच सगळं आलं.

या नियमाचा पहिला फायदा पाढे पाठ करणाऱ्यांना. २ ते ९ चे पाढे दोनापासून नवापर्यंतच धरले तर ६४ गुणाकार होतात. क्रमाचा नियम हाताशी असला की त्यातले ३६ च खरे वेगळे उरतात. सात आठी छप्पन्न येत असेल तर आठ साती वेगळं घोकायला नको. टक्केवारीतही हाच नियम चुपचाप काम करतो. ५० चे १८ टक्के काढायला माणूस क्षणभर अडखळतो, पण १८ चे ५० टक्के म्हणजे ९ हे झोपेतही सांगता येतं. दोन्ही एकच आहेत, कारण दोन्हीकडे ५० × १८ ला १०० ने भागायचं आहे.

इथे एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. उत्तर सारखं येतं म्हणजे प्रसंग सारखा असतो असं नाही. डॉक्टरांनी रोज २ गोळ्या १० दिवस घ्यायला सांगितल्या तर गोळ्या २०. रोज १० गोळ्या २ दिवस घेतल्या तरी २०. औषधाच्या दुकानातलं बिल सारखं, रुग्णाच्या शरीरावरचा परिणाम जमीन-अस्मानाचा. नियम सांगतो तो एकूण संख्येबद्दल. म्हणून शाब्दिक उदाहरणात मूल '२ × १०' लिहितं की '१० × २' यावरून गुण कापण्यापेक्षा, त्यातले 'रोजचे' किती आणि 'दिवस' किती हे त्याला कळलंय का, एवढं विचारावं.

गट : हातचा येतो कुठून?

दुसरा नियम कंसांचा आहे. तीन संख्यांची बेरीज करताना आधी पहिल्या दोन मिळवल्या काय किंवा शेवटच्या दोन मिळवल्या काय, बेरीज तीच. (अ + ब) + क = अ + (ब + क). गुणाकारातही असंच. यात कुणी जागा बदलत नाही, क्रम जागच्या जागी राहतो, आधी कोणाची जोडी लावायची एवढंच बदलतं. क्रमाच्या आणि गटाच्या नियमांत मुलांची गल्लत होते ती इथेच.

हा नियम इतका साधा दिसतो की त्याचं काम डोळ्यांना दिसत नाही. ते बघायचं तर हातच्याकडे बघावं. ४७ + ३८ ही बेरीज घ्या. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. चार आणि तीन सात आणि हातचा एक आठ. उत्तर ८५. आता यात नेमकं काय घडलं ते सावकाश मांडू.

४७ म्हणजे ४० + ७, आणि ३८ म्हणजे ३० + ८. आपल्याला हवी होती (४० + ७) + (३० + ८). आपण काढली (४० + ३०) + (७ + ८). म्हणजे सात आणि तीस यांनी जागा बदलल्या (क्रमाचा नियम) आणि नव्या जोड्या लागल्या (गटाचा नियम). झाले ७० + १५. मग १५ चे १० + ५ केले : ७० + (१० + ५). आणि आता कंस सरकवला : (७० + १०) + ५. हा जो दहा पाचाला सोडून सत्तराकडे गेला, तोच आपला हातचा. गटाचा नियम नसता तर हातचा देता आला नसता, आणि हातचा नसता तर दशमान पद्धतीत कागदावर बेरीजच करता आली नसती. पहिली-दुसरीतलं मूल रोज डझनभर वेळा हा नियम वापरतं.

गुणाकारात तो तोंडी हिशेबाला कामी येतो. २५ × ३६ अवघड वाटतं, पण ३६ म्हणजे ४ × ९, आणि (२५ × ४) × ९ म्हणजे ९००. १६ × ३५ असेल तर सोळातले दोन काढून पस्तिसाला द्या : ८ × ७० = ५६०. भास्कराचार्यांची तिसरी वाट, तिनाने आणि मग चाराने गुणायची, हीच होती.

सगळ्या क्रियांना हा नियम लागू पडत नाही. वजाबाकीत (१२ − ५) − ३ = ४, पण १२ − (५ − ३) = १०. हे मुलांना लवकर पटतं. मोठी माणसं फसतात ती सरासरीत. दोन संख्यांची सरासरी घेताना क्रम कुठलाही चालतो, ४० आणि ६० काय, ६० आणि ४० काय, सरासरी ५०. पण तीन मुलांचे गुण ४०, ६० आणि ८० असतील आणि कुणी आधी पहिल्या दोघांची सरासरी (५०) काढून तिची ८० शी सरासरी घेतली, तर येतात ६५. आधी शेवटच्या दोघांची सरासरी (७०) काढून तिची ४० शी घेतली तर ५५. आणि तिन्हींची खरी सरासरी ६०. म्हणजे क्रम पाळायची गरज नाही, पण गट कसेही पाडायची मुभाही नाही. सरासरीची सरासरी घेऊ नये असं सांगितलं जातं, त्याचं कारण हे आहे.

वितरण : बेरीज आणि गुणाकार भेटतात ती जागा

वरचे दोन नियम बेरजेत आपापले आहेत आणि गुणाकारात आपापले. बेरजेला गुणाकाराची माहिती नाही, गुणाकाराला बेरजेची नाही. दोघांना बांधणारा नियम एकच आहे, तो तिसरा : अ × (ब + क) = अ × ब + अ × क. माझ्या मते अंकगणितातला सगळ्यात मोलाचा नियम हाच, आणि त्यालाच वर्गात सगळ्यात कमी वेळ मिळतो.

पुन्हा ठिपक्यांकडे जाऊ. पाच ओळी, प्रत्येकीत सात. चौथ्या आणि पाचव्या ठिपक्यामधून खडूने एक उभी रेघ ओढा. डावीकडे पाच ओळींत चार-चार, उजवीकडे पाच ओळींत तीन-तीन. २० आणि १५, मिळून ३५. रेघ ओढल्याने ठिपके कमी होत नाहीत. संपलं, नियम सिद्ध झाला.

शाळेतला उभा गुणाकार म्हणजे या रेघेचाच खेळ. ४७ × ३८ करताना आपण पहिल्या ओळीत आठाने गुणून ३७६ लिहितो. दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात शून्य लिहितो किंवा फुली मारतो आणि तिनाने गुणून १४१ मांडतो. मग बेरीज, १७८६. फुली का मारायची असं विचारणाऱ्या मुलाला 'तशी पद्धतच आहे' हे उत्तर मिळतं. खरं उत्तर असं की आपण तिनाने गुणतच नाही, तिसाने गुणतो. ३८ चे ३० आणि ८ असे तुकडे पडले आहेत, पहिली ओळ आठपट आहे, दुसरी तीसपट, आणि त्या फुलीच्या जागी तिसातलं शून्य आहे.

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणून घेत. औट म्हणजे साडेतीन. आठ औटे अठ्ठावीस, कारण आठ त्रिक चोवीस आणि आठाचे निम्मे चार. अपूर्णांकाचे ते पाढे म्हणजे वितरणाचा नियम तोंडपाठ करून ठेवणं होतं. आजही भाजीवाली किंवा वाणी ४९ रुपयांच्या बारा वस्तूंचे पैसे सांगताना पन्नासाने सहाशे धरून बारा कमी करतात, ५८८. त्यांनी हा नियम बिनचूक वापरलेला असतो, नाव माहीत असो वा नसो.

आता दुकानातलाच एक प्रश्न, जो बरेच जण विचारतात. हजार रुपयांच्या वस्तूवर २० टक्के सूट आहे आणि १८ टक्के जीएसटी. आधी सूट घेतलेली बरी की आधी कर लावलेला? आधी सूट घेतली तर ८०० उरतात, त्यावर १४४ कर, एकूण ९४४. आधी कर लावला तर ११८०, त्यातून २० टक्के म्हणजे २३६ गेले, उरले ९४४. गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कम तीच, कारण २० टक्के सूट म्हणजे ०.८ ने गुणणं, १८ टक्के कर म्हणजे १.१८ ने गुणणं, आणि गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो. (करापोटी भरायची रक्कम मात्र बदलते. कायद्याप्रमाणे बिलावरच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या किमतीवर कर लागतो.)

पण सूट टक्क्यांत नसून सरळ १०० रुपयांची असली तर? आधी सूट घेतली तर ९०० वर कर लागून १०६२ होतात. आधी कर लावून मग शंभर वजा केले तर १०८०. अठरा रुपयांचा फरक. इथे एक क्रिया वजाबाकीची आहे आणि एक गुणाकाराची, आणि या दोघींमध्ये अदलाबदलीची मुभा कुठल्याच नियमाने दिलेली नाही. वितरणाचा नियम सांगतो की (१००० − १००) ला १.१८ ने गुणायचं तर शंभरालाही १.१८ ने गुणावं लागेल, म्हणजे ११८ वजा व्हायला हवेत. शंभरच वजा केले की अठरा रुपये निसटले. सुटीच्या जाहिराती वाचताना एवढं एक डोक्यात असलं तरी पुरे.

हा नियम एकेरी आहे हेही ध्यानात ठेवावं. गुणाकार बेरजेवर वाटला जातो, बेरीज गुणाकारावर वाटली जात नाही. २ + (३ × ४) = १४, पण (२ + ३) × (२ + ४) = ३०. आणि वर्गही बेरजेवर वाटला जात नाही. आठवी-नववीत (अ + ब)² = अ² + ब² असं लिहिणाऱ्या मुलांची संख्या कमी नाही. त्यांना सूत्र पुन्हा पाठ करायला लावण्याऐवजी सात गुणिले सात ठिपक्यांचा चौकोन काढायला लावावा आणि ३ व ४ असे तुकडे पडतील अशी एक आडवी, एक उभी रेघ ओढायला लावावी. चार भाग दिसतील : ९, १६ आणि दोन वेळा १२. ते दोन बाराचे आयत म्हणजेच सूत्रातलं २अब. मूल विसरतं ते हेच.

शून्य, एक आणि ऋण गुणिले ऋण

शून्य मिळवलं तर संख्या बदलत नाही, एकाने गुणलं तर बदलत नाही. म्हणून शून्याला बेरजेतला अविकारक म्हणतात आणि एकाला गुणाकारातला. इथवर सोपं आहे. पण कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्य का येतं? शून्य तर बेरजेचा प्राणी, गुणाकारात त्याने असं वागावं हे कुणी ठरवलं?

कुणीच ठरवलं नाही. ते वितरणाच्या नियमातून आपोआप निघतं. ० म्हणजे ० + ०. म्हणून ५ × ० = ५ × (० + ०) = ५ × ० + ५ × ०. एखादी संख्या स्वतःच्या दुपटीइतकी असेल तर ती शून्यच असायला हवी. झालं. आणि त्यामुळेच शून्याने भागता येत नाही : ५ ला शून्याने भागणं म्हणजे अशी संख्या शोधणं जिला शून्याने गुणलं की पाच येतील, आणि शून्याने गुणलं की शून्यच येतं हे आत्ताच पाहिलं. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांच्या आकडेमोडीचे नियम पद्धतशीर मांडले. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं त्याने म्हटलं आहे, ते आज मान्य नाही. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असं वेगळं नाव देऊन ती इतर संख्यांपासून बाजूला काढली.

ब्रह्मगुप्ताचा दुसरा नियम मात्र जसाच्या तसा टिकला : ऋण गुणिले ऋण, धन. शाळेत हा नियम जितका पाठ होतो तितका समजत नाही. कर्जाची, उलट चालण्याची उदाहरणं दिली जातात आणि मूल मान डोलावतं, पण पटत नाही. मला वाटतं त्याला सरळ कारण सांगावं, ते चार ओळींचं आहे. ४ + (−४) = ० हे मान्य. दोन्ही बाजूंना −३ ने गुणू. उजवीकडे शून्य. डावीकडे वितरणाच्या नियमाने (−३) × ४ + (−३) × (−४). पहिला भाग −१२ आहे, तीन रुपयांचं कर्ज चार वेळा. −१२ मध्ये काय मिळवलं की शून्य होईल? +१२. म्हणून (−३) × (−४) = +१२. दुसरं काही उत्तर ठेवलं तर वितरणाचा नियम मोडतो, आणि तो मोडला तर वर केलेला ४७ × ३८ सुद्धा हातातून जातो. ऋण संख्या आल्यावरही जुना नियम टिकला पाहिजे, एवढा एकच आग्रह धरला की उत्तर दुसरं येऊच शकत नाही.

तीनच गुणाकारांत

वितरणाचा नियम इतका जुना, आता त्यात नवं काय सापडणार, असं वाटू शकतं. १९६० साली मॉस्को विद्यापीठात कोल्मोगोरोव्ह या थोर गणितज्ञाने एका चर्चासत्रात आपला अंदाज मांडला की मोठ्या संख्यांचा गुणाकार शाळेतल्या रीतीपेक्षा मुळातून जलद करता येणार नाही. तिथे बसलेल्या कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने आठवड्याभरात तो अंदाज खोटा ठरवला.

त्याची युक्ती ४७ × ३८ वरच बघू. शाळेच्या रीतीने चार छोटे गुणाकार लागतात : ४ × ३, ४ × ८, ७ × ३ आणि ७ × ८. यातले मधले दोन एकाच दशकाच्या घरात जातात, म्हणजे आपल्याला ते वेगवेगळे नकोतच, त्यांची बेरीज हवी आहे. कारात्सुबाने ४ × ३ = १२ आणि ७ × ८ = ५६ काढले, आणि तिसरा गुणाकार केला (४ + ७) × (३ + ८) = १२१. या १२१ मध्ये, वितरणाच्या नियमाने, चारही छोटे गुणाकार दडलेले आहेत. त्यातून १२ आणि ५६ वजा केले की उरतात ५३, आणि ती मधल्या दोघांची बेरीज. १२०० + ५३० + ५६ = १७८६. चाराऐवजी तीन गुणाकारांत काम झालं.

एका गुणाकाराची बचत ती काय, असं वाटेल. पण १०२४ अंकी संख्या घेतली, तिचे पुन्हा पुन्हा दोन भाग पाडत गेलं, तर शाळेच्या रीतीला १०,४८,५७६ छोटे गुणाकार लागतात आणि या रीतीला सुमारे ५९,०००. शेकडो अंकी गुणाकार करणाऱ्या संगणक प्रणालींत ही रीत आजही वापरली जाते.

नियम सुटतात तिथे

हे तीन नियम सगळीकडे असतातच असं नाही, आणि ते कुठे सुटतात हे बघितल्यावर त्यांची किंमत जास्त कळते. हॅमिल्टन बरीच वर्षं अवकाशातल्या बिंदूंचा गुणाकार करता येईल अशा संख्यांच्या शोधात होता. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी पत्नीबरोबर चालत असताना त्याला वाट सापडली, आणि जवळच्या पुलाच्या दगडावर त्याने सूत्र कोरलं. त्या नव्या संख्यांत चार घटक होते आणि गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकत होतं. क्रमाचा नियम त्याने सोडला. गटाचा आणि वितरणाचा मात्र घट्ट धरून ठेवला.

ही काही लहर नव्हती. टेबलावर एक पुस्तक ठेवा. ते आधी टेबलावरच पाव फेरा उजवीकडे फिरवा आणि मग तुमच्याकडे पाव फेरा उभं करा. आता पुन्हा पहिल्यासारखं ठेवून आधी उभं करा आणि मग उजवीकडे फिरवा. पुस्तक दोन वेळा दोन वेगळ्या स्थितींत येईल. अवकाशातल्या फिरण्याला क्रम असतोच, म्हणून ते मांडणाऱ्या संख्यांनाही तो असावा लागतो. उपग्रहाची दिशा सांभाळताना आणि संगणकावरच्या खेळांतली पात्रं वळवताना आज हॅमिल्टनच्याच संख्या वापरतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा मित्र ग्रेव्ह्ज याने आठ घटकांच्या संख्या काढल्या, त्यांत गटाचा नियमही सुटला. वितरणाचा तिथेही टिकला.

संगणकात तर आपल्या ओळखीच्या दशांश अपूर्णांकांची साधी बेरीजही गटाचा नियम पाळत नाही. बहुतेक संगणकी भाषांत (०.१ + ०.२) + ०.३ विचारलं की ०.६०००००००००००००१ असं उत्तर येतं, आणि ०.१ + (०.२ + ०.३) विचारलं की ०.६. याचं कारण असं की संगणक दोनाच्या पायावर मोजतो. एक दशांश ही संख्या त्या पायावर लिहायला गेलं तर अंक संपतच नाहीत, जसे दशमानात एक तृतीयांशाचे संपत नाहीत. मग कुठेतरी शेपूट तोडावं लागतं, आणि जोड्या कशा लावल्या त्यावर तोडण्याची जागा बदलते. दोन संख्यांचा क्रम बदलला तर मात्र बेरीज तीच येते. म्हणजे क्रम चालतो, गट चालत नाही, अगदी सरासरीसारखंच.

एका बेरजेत हा फरक नगण्य असतो, लाखो व्यवहारांच्या बेरजेत तो साचू शकतो. म्हणून पैशांचा हिशेब करणारे प्रोग्रॅम लिहिताना पुष्कळदा रुपये दशांशात न ठेवता सगळं पैशांत ठेवतात : १२ रुपये ३४ पैसे म्हणजे १२३४. पूर्ण संख्यांना शेपूट नसतं, आणि त्यांच्या बेरजेत कंस कुठेही घातला तरी हिशेब एका पैशानेही चुकत नाही.